‘शेखिना’चा ‘शक्ती’शी संबंध नाही

प्रश्न असा आला आहे: ‘शेखिना ही प्राचीन हिब्रू लोकांची देवी, त्यांचा देव याहवे याची पत्नी, आणि हा शब्द आपल्या शक्तीवरून तिकडे गेला, असे ऐकले. खरे आहे का?’

दोन्ही गोष्टी चूक आहेत. शेखिना म्हणजे यहुदी परंपरेत देवाचे माणसांमधले वास्तव्य. तिची ‘शक्ती’वरून काढलेली ही व्युत्पत्ती पुन्हा पुन्हा कानावर येते आणि दर वेळी तितकीच खटकते. ‘शक्ती’ शक् धातूपासून आली, त्यातला ‘ती’ प्रत्ययाचा. ‘शेखिना’ श-क-न या सेमिटिक (हिब्रू, अरबी यांच्या कुळातल्या) धातूपासून आली, त्यातला ‘न’ धातूचाच. अर्थ राहणे, मुक्काम करणे. हिब्रूत स्वरानंतरचा ‘क’ घशातून ‘ख’सारखा निघतो, एवढेच.

आता खरा आनंदाचा भाग. हिब्रूत ‘श’ तिथे अरबीत बऱ्याचदा ‘स’ येतो: शालोम, सलाम. म्हणजे श-क-न चे अरबी भावंड स-क-न, आणि त्याचे ‘राहणारा’ या अर्थाचे रूप साकिन! जुने मराठी कागद वाचणाऱ्यांना हा शब्द ओळखीचा असेल. माणसाच्या नावापुढे ‘साकिन मौजे अमुक’ असे गाव लिहीत, आज आपण ‘रा.’ लिहितो तसे. यहुदी पंडितांनी देवाच्या वास्तव्याला जो शब्द घडवला, त्याचा चुलतभाऊ आपल्याकडे कुळकर्ण्यांच्या दप्तरात होता. ‘सुकून’ही याच घरातला. ‘मिस्कीन’ला मात्र यात ओढू नये, तो अक्कडी या मेसोपोटेमियातल्या प्राचीन भाषेतल्या ‘मुश्केनु’वरून आलेला, वेगळ्या कुळातला आहे.

कुराणातही (2:248) याच धातूची ‘सकीना’ (शांती) येते, आणि कशात? ‘ताबूत’मध्ये, म्हणजे इस्रायली लोकांच्या देवाशी झालेल्या कराराच्या पेटीत, जी पुढे मंदिराच्या गाभाऱ्यात होती. मोहरमचा ताबूत आपल्याला माहीत आहेच. एकाच आयतीत मराठी कानाला ओळखीचे दोन शब्द, आणि विषय थेट हिब्रू मंदिराच्या गाभाऱ्याचा.

माझे तर ठाम मत आहे की या धातूत मुळात तंबूची चाल आहे. हिब्रूत ‘राहणे’ला दुसरे क्रियापद आहे, याशव, म्हणजे बसणे, ठाण मांडणे. बायबलातल्या 1 राजे 8:12-13 मध्ये मंदिर बांधणारा राजा शलमोन म्हणतो, परमेश्वराने दाट अंधारात राहीन असे म्हटले होते. तिथे शाखनचे, म्हणजे श-क-न च्या क्रियापदाचे, रूप आहे. ‘मी मात्र तुला कायमचे घर बांधले,’ असे तो पुढे म्हणतो, तिथे याशवचे. राजाला देव बसायला हवा होता, जुनी परंपरा त्याला डेरा टाकणारा मानत होती. तंबूतल्या मंदिराचे नाव मिश्कान, मराठी बायबलात ‘निवासमंडप’, तेही याच धातूचे. शब्दांच्या मुळावर इतका भार टाकू नये असे अभ्यासक बजावतात. पण इथे दोन्ही क्रियापदे लागोपाठच्या ओळींत समोरासमोर उभी आहेत. ती निवड मला आपोआप झालेली वाटत नाही. इ.स. 70 मध्ये दुसरे मंदिर पडल्यावर तालमूद या यहुदी धर्मग्रंथाच्या कर्त्यांनी ‘इस्रायल जिथे हद्दपार झाले तिथे शेखिना बरोबर गेली’ असे म्हटले, ते याच धातूला शोभणारे आहे. ठाण मांडलेला देव बरोबर कसा जाणार?

हे नाम म्हणून ‘शेखिना’ हिब्रू बायबलात कुठेच नाही, हे मात्र लक्षात घ्या. ते नंतरच्या पंडितांचे. स्त्रीलिंगी आहे म्हणून स्त्री, हा तर्कही टिकत नाही. ‘विष्णू ही देवता’ असे आपण रोज म्हणतो. शेखिनेला खरे स्त्रीरूप मिळाले ते कबाला या यहुदी गूढविद्येमध्ये, बाराव्या-तेराव्या शतकात. अभ्यासक राफाएल पताई यांनी 1967 मध्ये अशेरा या प्राचीन कनानी देवीपासून शेखिनेपर्यंत एकच हिब्रू देवी चालत आल्याचे मांडले. ती मांडणी लोकप्रिय झाली, पण मधली हजारभर वर्षे ती नुसत्या साम्यावर ओलांडते. मला ती अजिबात पटत नाही.

पत्नी शोधायची तर ती अशेरा. सिनाईतल्या कुंतिलेत अजरूद इथे 1975-76 मध्ये पुरातत्त्वज्ञ झेएव मेशेल यांना इ.स.पू. 800 च्या सुमाराच्या रांजणांवर ‘शोमरोनचा (शोमरोन ही उत्तरेच्या इस्रायल राज्याची राजधानी) याहवे आणि त्याची अशेरा’ यांच्या नावाने दिलेला आशीर्वाद सापडला. हेब्रोनजवळच्या खिर्बेत एल-कोमच्या थडग्यातही तसाच लेख आहे. हिब्रूत विशेषनामाला ‘त्याची’ हा प्रत्यय लागत नाही, म्हणून ही अशेरा म्हणजे फक्त पूजेचा खांब, असे काही विद्वान म्हणतात. व्याकरण मान्य. पण खांब कोणाचा? 2 राजे 23 मध्ये यहूदाचा राजा योशीया यरुशलेमच्या मंदिरातून अशेरा बाहेर काढून किद्रोन ओढ्यापाशी जाळतो, आणि तिथेच बायका अशेरेसाठी विणकाम करीत होत्या असेही सांगितले आहे. निव्वळ लाकडासाठी कोणी माग लावत नाही. जुन्या इंग्रजी बायबलात तर तिचे ‘वनराई’ करून टाकले होते, ग्रीक आणि लॅटिन भाषांतरांच्या मागे जाऊन. मराठी बायबलाने ‘अशेरा’ नाव राखले, हे फार चांगले केले.

अशेरा आणि बायबलातलीच दुसरी देवी अष्टोरेथ याही एक नव्हेत. पहिलीचा आरंभ हिब्रूत ‘आलेफ’ या अक्षराने, दुसरीचा ‘आयिन’ या वेगळ्या अक्षराने. देवनागरीत दोन्ही ‘अ’च होतात, तिथे घोटाळा होतो. लिहिताना ‘शेखिना’ लिहावे; ‘शकीना’ नको आणि ‘शेकिनाह’ही नको.