रास्पबेरी पायवर कुठलं पॅकेज उतरवायचं?

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ‘युनेम -एम’ कमांडला ‘एआर्च६४’ (६४-बिट) दिसलं म्हणून तुम्ही ‘आर्म६४’ची, म्हणजे ६४-बिट, डेब फाइल (प्रोग्रामचं पॅकेज) घेतलीत, आणि पॅकेज बसवणाऱ्या डीपीकेजीनं ‘सिस्टिम आर्मएचएफ (म्हणजे ३२-बिट) आहे’ म्हणत ती नाकारली. गोंधळ स्वाभाविक आहे. युनेम फक्त कर्नलचं, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचं सांगतो. पाय ४ वर ३२-बिट रास्पबेरी पाय ओएस टाकली, तरी २०२३पासून कर्नल ६४-बिटच सुरू होतो. त्यावरचा बाकी सगळा पसारा मात्र ३२-बिट.

म्हणून विचारायचं ते ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’ला. तो म्हणेल तेच पॅकेज घ्या. पॅकेज इंटरनेटवरून आणून बसवणाऱ्या ॲप्टमध्ये मिळत असेल तर ही उठाठेवच नको, तो आपलं आपण बघतो.

डीपीकेजीला ‘--फोर्स-आर्किटेक्चर’ लावून पॅकेज जबरदस्तीनं बसवा असं कुणी सांगेल. ऐकू नका! पॅकेज बसेल, पण चालवताना ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ येईल आणि फाइल तर डोळ्यांसमोर असेल. सापडत नसतो तो ६४-बिट लोडर, म्हणजे प्रोग्राम सुरू करून देणारी फाइल. त्या प्रोग्रामवर ‘फाइल’ कमांड चालवा, ‘इंटरप्रिटर’पुढे त्याचा पत्ता दिसेल.

पाय १ किंवा पहिला झीरो असेल तर आणखी जपून. रास्पबेरी पाय ओएस ज्या डेबियन लिनक्सवर बेतली आहे, तिचं ‘आर्मएचएफ’ एआरएमव्ही७ प्रोसेसरसाठी बांधलेलं असतं, हे बोर्ड त्याआधीच्या एआरएमव्ही६चे. पायच्या ३२-बिट ओएसमध्येही नाव तेच, त्यामुळे डीपीकेजी अडवत नाही; प्रोग्राम ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत कोसळतो.

‘एएमडी६४’ पायवर चालत नाही, ते इंटेल-एएमडीच्या पीसीसाठी.

पाय ४ वर ६४-बिट हवंच असेल तर मेमरी कार्डवर ६४-बिट ओएस नव्यानं लिहा. चालू सिस्टिम जागच्या जागी बदलायच्या भानगडीत पडू नका.