वाचक विचारतात : ओसाड गावाला आवाज कसा द्यायचा?

प्रश्न : आमच्या ग्रुपला एका रिकाम्या झालेल्या गावात साउंड इन्स्टॉलेशन करायचंय. माणसं गेल्याला बरीच वर्षं झालीत, भिंती उभ्या आहेत पण छपरं बहुतेक पडली. प्लॅन असा आहे की शाळेची घंटा, विहिरीचा रहाट, पोरांचा दंगा, गुरं असे सगळे आवाज साउंड लायब्ररीतून घ्यायचे आणि जागोजागी स्पीकर लावायचे, म्हणजे आत शिरताच गाव जिवंत वाटेल. जमेल का?

उत्तर : जमेल, पण असं नका करू. चहूबाजूंनी एकदम आवाज यायला लागले की ते नाटकाच्या सेटसारखं वाटतं, ऐकणाऱ्याला दोन मिनिटांत कळतं की हे रेकॉर्डिंग आहे आणि मग तो गाव बघायचं सोडून स्पीकर कुठे लपवलाय तेच शोधत बसतो. शिवाय लायब्ररीतला कुत्रा कुठल्यातरी भलत्याच अंगणात भुंकलेला असतो, आणि त्या गावात वाढलेल्या माणसाला ते लगेच खटकतं.

आधी गाव आत्ता कसं ऐकू येतं ते बघा. पहाटे, भर दुपारी, रात्री, वारा असताना आणि नसताना, प्रत्येक वेळी नुसतं बसून ऐका आणि लिहून ठेवा. मग जुन्या रहिवाशांकडे जा. त्यांना ‘तेव्हा आयुष्य कसं होतं’ असं विचारलं तर ठरलेली उत्तरं मिळतात, त्यापेक्षा जाग कशाने यायची, कुणाचं दार वाजलं की ओळखू यायचं, घंटा कुठल्या घरापर्यंत पोचायची, रात्री सगळ्यात शेवटी काय ऐकू यायचं, असं विचारा. समोर गावाचा नकाशा ठेवा आणि त्यांनाच खुणा करू दे. बोलता बोलता माणसं हाताने दिशा दाखवायला लागतात, ती दिशा सोडू नका, स्पीकर तिथेच लागणार आहे.

हे काम याआधीही नीट झालंय. कॅनडातल्या सायमन फ्रेझर युनिव्हर्सिटीत संगीतकार मरी शेफर यांनी सुरू केलेल्या वर्ल्ड साउंडस्केप प्रोजेक्टने १९७५ मध्ये युरोपातल्या पाच गावांच्या आवाजांचा अभ्यास केला, स्वीडनमधलं स्क्रुव, जर्मनीतलं बिसिंगेन, इटलीतलं चेंब्रा, फ्रान्समधलं लेस्कोनिल आणि स्कॉटलंडमधलं डॉलर. ती गावं नांदती होती, पण पद्धत तुम्हाला उपयोगी आहे. लेस्कोनिल किनाऱ्यावरचं मासेमारीचं गाव, तिथे दिवसभरात वारा दिशा बदलतो तसे लांबचे कुठले आवाज गावात पोचतात तेही बदलतं, हे त्यांनी नोंदवून ठेवलंय. तुमच्याही गावात घंटा रोज सारखीच ऐकू येत नसणार.

यातूनच एक गोष्ट निघते जिच्यात बरेच जण फसतात. लांबचा आवाज म्हणजे जवळच्या आवाजाचा व्हॉल्यूम कमी केलेला नसतो. हवेतून येता येता त्यातला उंच पट्टीचा, कुरकुरीत भाग आधी जिरतो, वाटेतल्या भिंतींवरून तो वळून येतो, वाऱ्याने मधेच तुटतो. म्हणून घंटा टेकडीवरून यायची असेल तर स्पीकर खरंच टेकडीवर न्या, केबल लांब टाकायला लागली तरी चालेल, घराशेजारी ठेवून हळू वाजवलेली घंटा खोटीच वाटते.

आता छपरांचं. मला तुमच्या प्रश्नात हेच सगळ्यात मोलाचं वाटलं. छप्पर गेलं की आवाज वर निघून जातो, परत येत नाही, त्यामुळे खोलीचा घुमारा जवळपास संपतो. तशाच दगडाचं, तेवढ्याच मापाचं, छप्पर शाबूत असलेलं घर आसपास कुठे मिळालं तर तिथे फुगा फोडून तो आवाज शेवटपर्यंत, म्हणजे घुमारा पूर्ण विरेपर्यंत, रेकॉर्ड करा. कॉन्व्होल्यूशन रिव्हर्ब नावाचं सॉफ्टवेअर त्या रेकॉर्डिंगवरून तुमच्या कुठल्याही कोरड्या, म्हणजे घुमारा नसलेल्या, आवाजाला त्या खोलीचा घुमारा चढवतं. मग उघड्या आभाळाखाली उभ्या माणसाला एक साधी खुर्ची सरकल्याचा आवाज बंद खोलीतल्यासारखा ऐकू येतो, आणि तो आपसूक वर बघतो! पोरांच्या दंग्याची गरजच उरत नाही.

एखादी छप्पर असलेली खोली उरली असेल तर याकोब किर्केगोर या डॅनिश कलाकाराचं काम जरूर ऐका. त्याने २००५ मध्ये चेर्नोबिलच्या निषिद्ध भागातल्या चार रिकाम्या जागांमध्ये दहा मिनिटं नुसती शांतता रेकॉर्ड केली, ती तिथेच वाजवून परत रेकॉर्ड केली, असं पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक खोलीची स्वतःची घुमणारी धून वर आली. मूळ युक्ती अमेरिकन संगीतकार आल्विन लुसिएची, १९६९ ची, त्याने ती स्वतःच्या बोलण्यावर केली होती.

प्रश्न : स्पीकरऐवजी हेडफोन दिले तर?

उत्तर : चालतील, जर वाट ठरलेली असेल आणि रेकॉर्डिंग त्याच वाटेवर, दोन्ही कानांशी माइक लावून केलेलं असेल. कॅनडाची कलाकार जॅनेट कार्डिफ १९९१ पासून असे ऑडिओ वॉक, म्हणजे हेडफोनवर ऐकत चालायच्या वाटा, करत आलीय. पण हेडफोनने आत्ताचा वारा आणि पाखरं बाहेर राहतात, मला स्वतःला ते पटत नाही. उघडे, कान न झाकणारे हेडफोन वापरा.

प्रश्न : लोक गाव सोडून का गेले हे आवाजातून सांगायचं का?

उत्तर : सांगायलाच हवं असं नाही, पण तुम्हाला ते पक्कं माहीत हवं, कारण सगळा सूर त्यावर ठरतो. स्कॉटलंडजवळच्या सेंट किल्डा द्वीपसमूहातल्या हिर्टा बेटावरच्या ३६ जणांनी स्वतः विनंती केली आणि २९ ऑगस्ट १९३० ला ते बेट सोडून गेले. इंग्लंडमधलं टाइनहॅम मात्र १९४३ मध्ये सैन्याने सरावासाठी रिकामं करून घेतलं, लोकांना पुन्हा तिथे राहायला जाता आलं नाही. दोन्हीकडे आज बऱ्याच घरांच्या भिंतीच दिसतात, पण दोन्हीकडे तेच गोड, हुरहुर लावणारं म्युझिक वाजवलं तर टाइनहॅमच्या लोकांवर तो अन्याय आहे. म्युझिक टाळाच, ते ऐकणाऱ्याने काय वाटून घ्यायचं ते आधीच ठरवून टाकतं.

आणि दोन गोष्टी. पाखरांचे आवाज स्पीकरवर वाजवू नका, विणीच्या काळात खरी पाखरं त्याने बिथरतात. गेलेल्या माणसाचा जुना रेकॉर्ड झालेला आवाज मिळाला तर आधी घरच्यांना एकांतात ऐकवा, मग परवानगी मागा, आणि ते नको म्हणाले तर तो काढून टाका, तुमच्याकडचा सगळ्यात चांगला तुकडा तोच असला तरी.