शिशाची पट्टी

नाशिक

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

अंबडच्या कारखान्यांसाठी तू तयार करीत असलेल्या हजेरीच्या सॉफ्टवेअरविषयीचे पत्र मिळाले. उशिरा अंगठा लावणाऱ्याचा अर्धा दिवस संगणकच कापतो आणि त्यामुळे सुपरवायझरचा वशिला बंद होतो, हा तुझा मुद्दा मला निम्मा पटला. उरलेल्या निम्म्यासाठी ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल (इ.स.पू. 384–322) वाच.

यंत्रांचा विषय निघाला की त्याच्या 'पॉलिटिक्स' या ग्रंथातला विणकराचा धोटा हटकून पुढे केला जातो: धोटे आपणहून विणू लागले, तर मालकांना गुलामांची गरज उरणार नाही. येवल्याचे माग पाहिलेल्याला ते चटकन भिडते. मात्र तिथेच तो गुलामगिरीचे समर्थनही करतो, हे सांगायचे सहसा राहून जाते.

तुझ्या कामाचे आहे ते 'निकोमाखियन एथिक्स'च्या पाचव्या भागातील दहावे प्रकरण. कायदा सर्वांसाठी म्हणून ढोबळच असतो आणि एखादे प्रकरण त्यात बसत नाही, तेव्हा दोष कायद्याचा नसतो, कायदा करणाऱ्याचाही नसतो. माणसांचे व्यवहारच तसे असतात, म्हणून कायदा करणारा स्वतः हजर असता तर त्याने जे सांगितले असते, त्यानुसार ती उणीव भरून काढावी, असे तो म्हणतो. लेस्बॉस बेटावरील गवंडी शिशाची पट्टी वापरीत. ती ताठ न राहता दगडाच्या आकाराप्रमाणे वाके, हा दाखला त्याने तिथेच दिला आहे.

आता गंगापूर धरणातून पाणी सोडले आहे, गोदापात्रातला दुतोंड्या मारुती छातीपर्यंत बुडाला आहे आणि पंचवटीतला कामगार लांबच्या पुलावरून वळसा घालून येतो आहे, असे समज. तो आणि झोपून राहिलेला, दोघांची वेळ तुझ्या यंत्राला सारखीच दिसते. पुराच्या दिवसांची सवलत तू नियमात घालशीलही, पण पुढच्या आठवड्यात कोणी आईला सिव्हिलमध्ये दाखल करून येईल. अपवादांची यादी कितीही वाढवलीस, तरी ती पुरी होणार नाही. म्हणून यंत्राचा निर्णय माणसाला फिरवता यायला हवा.

वशिल्याची तुझी भीती रास्त आहे, म्हणून निर्णय फिरवणाऱ्याचे नाव आणि कारण सर्व कामगारांना वाचता येईल असे नोंदले जावे. फक्त कारणाच्या रकान्यात निवडायला तयार पर्याय देऊ नकोस. निर्णय का फिरवला, ते त्याला स्वतःच्या शब्दांत लिहू दे.

तुझा,
काका