वाइन न घेणाऱ्यांनी सोनोमाला काय पाहावे?

प्रश्न : मुलगा सॅन होजेला असतो. सप्टेंबरमध्ये आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार आहोत. नापा आणि सोनोमा ही वाइनसाठी प्रसिद्ध असलेली गावे दाखवतो, असे तो म्हणतो. आम्ही वाइन घेत नाही, द्राक्षमळे नाशिकला पाहिलेले आहेत. जुन्या वास्तूंची मात्र दोघांनाही हौस आहे. तिकडे जाण्यात अर्थ आहे का?
– एक वाचक, विलेपार्ले, मुंबई

उत्तर : जरूर जा, मात्र दोन्ही गावे एकाच दिवसात कोंबू नका. वास्तूंची हौस असेल, तर आधी सोनोमा. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सुमारे 70 किलोमीटरवर असलेल्या या गावाचा मध्यवर्ती चौक मेक्सिकन सेनाधिकारी मारियानो वायेहो यांनी 1835 मध्ये आखला, आणि पाहण्यासारखे बहुतेक सारे या चौकाच्या भोवती पायी फिरण्याच्या अंतरावर आहे.

सुरुवात चौकाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या मिशनपासून, म्हणजे कॅथलिक पाद्र्यांच्या धर्मप्रसाराच्या ठाण्यापासून करावी. कॅलिफोर्नियातल्या 21 मिशनांपैकी हे शेवटचे, 1823 चे. उपासनेसाठी वाइन लागे, म्हणून इथल्या पाद्र्यांनी द्राक्षवेली लावल्या. या खोऱ्यातल्या वाइनचे मूळ ते. पर्यटक छोटे चर्च पाहून बाहेर पडतात, पण ते नंतरचे आहे. त्याला लागून असलेली पाद्र्यांच्या निवासाची लांबट, बैठी इमारत 1825 च्या सुमाराची, म्हणजे गावातली सर्वांत जुनी. उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांच्या तिच्या भिंतींची जाडी दारापाशी उभे राहून पाहावी.

शेजारीच वायेहोंच्या सैनिकांची बराक आहे. कॅलिफोर्निया तेव्हा मेक्सिकोकडे होता. 14 जून 1846 रोजी अमेरिकी वसाहतकऱ्यांनी त्या सत्तेविरुद्ध बंड करून याच चौकात अस्वलाचे चित्र असलेला झेंडा फडकावला आणि वायेहोंना कैद केले. वास्तविक ते अमेरिकेला अनुकूल होते, आणि पुढे कॅलिफोर्नियाच्या पहिल्या सिनेटमध्ये सदस्यही झाले. त्यांचे नंतरचे घर जवळच आहे. ते दिसते लाकडी, परंतु घर उन्हाळ्यात थंड व हिवाळ्यात उबदार राहावे म्हणून लाकडी भिंतींच्या पोकळीत मातीच्या विटा भरलेल्या आहेत. चौकातल्या 1908 च्या नगरभवनाच्या चारही बाजू सारख्या का, तर कोणत्याही दुकानदाराच्या वाट्याला इमारतीची पाठ येऊ नये म्हणून, असे सांगतात.

गावाबाहेरची ब्वेना व्हिस्ता ही वाइनरी हंगेरीहून आलेल्या अगोस्टन हराझ्थी यांनी 1857 मध्ये स्थापन केली. तिथली दगडी तळघरे चिनी मजुरांनी खोदली. वाइन न घेताही ती वास्तू पाहण्यासारखी आहे. वाइनच्या धंद्यात हराझ्थी हे वायेहोंचे प्रतिस्पर्धी. तरीही 1863 मध्ये हराझ्थींच्या दोन मुलांची वायेहोंच्या दोन मुलींशी लग्ने झाली आणि दोघे व्याही झाले!

नापा खोऱ्यासाठी वेगळा दिवस ठेवा. सेंट हेलेना येथील बेरिंजर वाइनरीचे 1884 चे ऱ्हाइन हाउस हे जुने घर तेवढे चुकवू नका. सप्टेंबर हा द्राक्षतोडणीचा हंगाम असल्याने शनिवार-रविवारी रस्ते तुंबतात. त्यामुळे मुलाला मधल्या वारी रजा घ्यायला सांगा, आणि वाइनरी आतून पाहायची असल्यास आधी आरक्षण करा.