डोळे मिटले तरी ठोकळे दिसतात

प्रश्न : मी ५२ वर्षांची असून मुलुंडला राहते व फोर्टमधील एका कार्यालयात लेखा विभागात काम करते. दिवाळीत भाच्याने माझ्या मोबाइलवर टेट्रिस, म्हणजे वरून उतरणारे ठोकळे फट न ठेवता रचण्याचा खेळ, घालून दिला. तोवर मोबाइलवर खेळत बसणाऱ्यांना मी नावे ठेवत असे. आता लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की खेळ सुरू होतो, आणि रात्री ‘हा शेवटचा डाव’ म्हणता म्हणता साडेबारा वाजतात. परवा कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि वरण खाली लागले. झोपताना मिटल्या डोळ्यांपुढेही ठोकळे उतरताना दिसतात. यजमान हसतात; सासूबाई मात्र ‘या वयात हे काय?’ असे बोलून दाखवतात. मला व्यसन लागले आहे का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आधी त्या ठोकळ्यांविषयी, कारण आपली खरी धास्ती तीच दिसते. त्यात काही बिघडलेले नाही. हार्वर्डमधील रॉबर्ट स्टिकगोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना टेट्रिस खेळायला लावून, झोप लागताना त्यांना काय दिसते याची नोंद केली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात बहुतेकांनी उतरत्या ठोकळ्यांचेच वर्णन केले. स्मृती गमावल्यामुळे आपण हा खेळ खेळलो हेदेखील ज्यांना आठवत नव्हते, अशा काही रुग्णांनाही ते दिसले. नव्याने शिकलेली गोष्ट मेंदू झोपेच्या उंबरठ्यावर पुन्हा घोळवतो, इतकेच.

हा खेळ अलेक्सी पाजितनोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत रचला. चार चौकोनांचे सात आकार आणि दहा चौकोन रुंदीची चौकट एवढेच त्याचे भांडवल, पण मेख त्याच्या नियमात आहे. ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते. म्हणजे जे साधले ते लगेच पुसले जाते आणि चुकून राहिलेल्या फटी तेवढ्या डोळ्यांसमोर उरतात. ज्यांचा दिवस जमाखर्चाचा मेळ घालण्यात जातो, त्यांना अशी फट उघडी ठेवून उठणे जड जाणारच. शिवाय हात बसू लागला की वेगही वाढतो. मूळ खेळात शेवटी जिंकण्याची सोयच नाही. डाव संपतो तो हरूनच, आणि हरलेला माणूस पुढचा डाव मांडतोच.

जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश केला आहे. खेळावरचा ताबा सुटणे, इतर आवडी व कामे मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, असे साधारण बारा महिने चालून घर, नोकरी व नातीगोती यांना ठळक झळ पोहोचली, तरच हे निदान केले जाते. करपलेले वरण त्यात बसत नाही. जागरण मात्र मला खटकते, कारण सकाळची गाडी गाठायची असलेल्या माणसाला ते फार दिवस परवडत नाही.

या खेळाला स्वतःचा शेवट नसल्याने तो बाहेरून घालावा लागतो. लोकलचा प्रवास हा त्यासाठी उत्तम: गाडीत खुशाल खेळावे, उतरताना बंद करावे. रात्री मोबाइल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावा. अंथरुणात तो हाताशी असला तर घड्याळ पाहून निश्चय करण्याचा उपयोग होत नाही. सासूबाईंना हवे तर मंगळागौरीची आठवण करून द्यावी, रात्र जागवून मोठ्या बायकांनी खेळणे आपल्याकडे काही नवे नाही!

भाचा उद्या दुसरे खेळ सुचवील. फुकट मिळणाऱ्या खेळांपैकी काहींत ठरावीक ‘जीव’ (म्हणजे खेळण्याच्या संधी) संपले की थांबावे तरी लागते, नाहीतर पैसे मोजावे लागतात. तेव्हा थांबावे, आणि मोबाइलवर आपल्या बँक कार्डाची माहिती साठवलेली असल्यास ती आजच काढून टाकावी.