वाचकांचे प्रश्न : परदेशी टपालाचा छोटा फॉर्म

परदेशात लहान पुडकी पाठवणाऱ्या वाचकांच्या पत्रांत दोन तक्रारी सारख्या येतात. कस्टम्सचा फॉर्म भरताना नेमके काय लिहायचे ते कळत नाही, आणि टपालखर्चाचा घरी केलेला अंदाज खिडकीवर कोलमडतो. त्यातले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : कधी सीएन २२ हाती देतात, कधी सीएन २३. माल तोच, मग फॉर्म वेगळा का?

दोन्ही नमुने जागतिक टपाल संघाचे आहेत. हा संघ १८७४ साली बर्नमध्ये स्थापन झाला, आज १९२ देश त्याचे सदस्य आहेत, आणि म्हणूनच फॉर्मचे रकाने कुठेही गेलात तरी जवळपास सारखेच दिसतात. सीएन २२ म्हणजे ७४ × १०५ मिलिमीटरची चिठ्ठी. सीएन २३ हा ए-५ आकाराचा सविस्तर कागद.

कोणता भरायचा ते दोन गोष्टींवर ठरते : पुडके कोणत्या वर्गातून जाते आणि आतल्या मालाची किंमत किती. स्मॉल पॅकेट हा पत्रटपालाचा वर्ग आहे, त्याची वजनमर्यादा २ किलो. त्यात माल ३०० एसडीआरपर्यंतचा असेल तर सीएन २२, त्यापुढे सीएन २३. पार्सल वर्गातून पाठवले तर किंमत कितीही कमी असो, सीएन २३च लागतो. तोच माल एकदा पॅकेट म्हणून आणि एकदा पार्सल म्हणून गेला असेल, तर फॉर्म बदलणारच.

एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशोबाचे एकक आहे. ३०० एसडीआर म्हणजे सुमारे ४०० अमेरिकी डॉलर, पण हा दर रोज हलतो. किंमत काठावर असेल तर सरळ सीएन २३ भरावा. माहिती जास्त दिली म्हणून पुडके अडत नाही, कमी दिली म्हणून अडते.

प्रश्न : वर्णनात ‘गिफ्ट आयटम’ लिहिले होते. पुडके तिकडच्या कस्टम्समध्ये आठवडाभर पडून राहिले. यात चूक काय?

‘गिफ्ट’ हे पाठवण्याचे कारण झाले, वस्तूचे नाव नव्हे. कारणासाठी फॉर्मवर वेगळे चौकोन आहेत : भेट, कागदपत्रे, व्यापारी नमुना, परत केलेला माल, विक्रीचा माल, इतर. वर्णनाच्या ओळीत वस्तू काय आहे तेच यायला हवे.

हा फॉर्म खिडकीवरच्या कारकुनासाठी नसून पलीकडच्या अधिकाऱ्यासाठी आहे, हे एकदा ध्यानात घेतले की निम्मा घोळ मिटतो. तो अधिकारी पुडके न उघडता तीन गोष्टी ठरवतो : वस्तू आत येऊ द्यायची का, कर किती, आणि उघडून पाहायची गरज आहे का. ‘क्लोद्स’, ‘पार्ट्स’, ‘सॅम्पल’, ‘अ‍ॅक्सेसरीज’, ‘पर्सनल इफेक्ट्स’ या शब्दांवरून त्याला यातले काहीच ठरवता येत नाही. युरोपीय संघाच्या आगाऊ तपासणी प्रणालीत तर असे मोघम शब्द संगणकच हेरून अडवतो.

ओळ अशी बांधा : वस्तू काय, कशाची बनलेली, कोणासाठी किंवा कशासाठी. ‘मेन्स टी-शर्ट, कॉटन, निटेड’. ‘विमेन्स शॉल, वूल, वोव्हन’. ‘प्रिंटेड बुक’. ‘स्पेअर पार्ट’ नको. ‘प्लास्टिक नॉब फॉर कॅमेरा ट्रायपॉड’ चालेल. भाषा इंग्रजी, फ्रेंच किंवा त्या देशात चालणारी हवी. आपल्या लिपीत सुबक अक्षरात लिहिलेले वर्णन तिकडे कोऱ्या ओळीसारखेच.

मागावर विणलेले (वोव्हन) की सुयांवर गुंफलेले (निटेड), हे शेपूट कशाला, असे वाटेल. त्याचे उत्तर एचएस क्रमांकात आहे. जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही वर्गवारी १९८८ पासून चालू आहे आणि पहिले सहा अंक सर्व देशांत समान असतात. मागावर विणलेली शाल ६२१४ मध्ये जाते आणि त्यातली लोकरीची ६२१४.२०; तीच शाल सुयांवर गुंफलेली असेल तर ६११७.१०. गुंफलेल्या कापडाचा सुती टी-शर्ट ६१०९.१०, साधे छापील पुस्तक बहुधा ४९०१.९९, नकली दागिने ७११७, पण चांदीचे ७११३. वर्णनात साहित्य नसेल तर क्रमांक ठरत नाही. क्रमांक नसेल तर दर ठरत नाही. मग पुडके बाजूला ठेवले जाते.

वर्णन आणि क्रमांक एकमेकांशी जुळतात का, तेही पाहा. ओळीत ‘कॉटन’ आणि क्रमांक लोकरीचा असेल, तर क्रमांक न लिहिलेला बरा.

प्रश्न : महिन्याला पंधरा-वीस पुडकी जातात. प्रत्येकाचा फॉर्म नव्याने भरण्यातून सुटका आहे का?

आहे, आणि तिच्यासाठी खास सॉफ्टवेअर लागत नाही. एक तक्ता करा. दर वस्तूला एक ओळ, आणि त्या ओळीत : परदेशी भाषेतले वर्णन, सहा अंकी एचएस क्रमांक, एका नगाचे निव्वळ वजन, एका नगाची किंमत व चलन, वस्तू जिथे बनली तो देश. पुढे एक रकाना पॅकिंगचा ठेवा : कोणत्या पाकिटात किंवा खोक्यात जाते आणि रिकाम्या पाकिटाचे वजन किती. हा तक्ता एकदा बसून नीट केला की पुढे फक्त नगांची संख्या आणि पत्ता बदलतो.

मग टपाल खात्याच्या संकेतस्थळावर फॉर्म भरून लेबल छापा. १ जानेवारी २०२१ पासून जागतिक टपाल संघाच्या नियमांनुसार माल असलेल्या पुडक्याची कस्टम्सची माहिती इलेक्ट्रॉनिक रूपातही पुढे पाठवणे बंधनकारक आहे. हाताने भरलेला फॉर्म दिलात तर तो कोणीतरी संगणकात उतरवणार, आणि घाईत तुमचे ‘वूल, वोव्हन’ गळून नुसते ‘शॉल’ उरणार. स्वतः टंकलेली माहिती जशीच्या तशी पोचते. आमच्या मते ऑनलाइन फॉर्मचा खरा फायदा हाच आहे, रांग वाचते हा त्यानंतरचा.

चुका होतात त्या ठरलेल्या जागी. फॉर्म किलोत वजन मागतो आणि लोक २५० ग्रॅमला ‘२५०’ लिहितात; तिथे ०.२५० हवे. ओळींतल्या निव्वळ वजनांची बेरीज पॅकिंगसह एकूण वजनापेक्षा जास्त निघते, कारण प्रत्येक नग वर गोल केलेला असतो. किंमत एका नगाची मागितली आहे की पूर्ण ओळीची, हे न पाहता तीन नगांची एकत्र किंमत टाकली की संगणक तिला पुन्हा तिनाने गुणतो आणि घेणाऱ्याच्या माथी तिप्पट मालाचा कर बसतो. मूळ देशाच्या रकान्यात पाठवणाऱ्याचा देश जातो; तिथे वस्तू बनली तो देश हवा, पुडके कुठूनही निघो.

पत्त्यात देशाचे नाव शेवटच्या ओळीत, रोमन मोठ्या अक्षरांत, आणि पूर्ण. संक्षेप टाळा. घेणाऱ्याचा फोन आणि ईमेल द्या. कस्टम्सला काही विचारायचे असेल तर तोच एक दुवा असतो.

लेबल सपाट बाजूवर लावा. बारकोड कडेवर दुमडला किंवा त्यावर चकाकणारी चिकटपट्टी आली की यंत्राला वाचता येत नाही. हाताने भरलेल्या फॉर्मवर तारीख आणि सही विसरू नका. सही नसलेले निवेदन अपुरेच धरतात.

प्रश्न : विकलेल्या वस्तूवर ‘भेट’ची खूण करून किंमत कमी लिहिली तर घेणाऱ्याचा कर वाचतो, असे ऐकले. खरे का?

करू नका. खोट्या निवेदनाखाली सही तुमची असते. शिवाय अधिकारी तीच वस्तू इंटरनेटवर शोधून किंमत पाहू शकतो, पावती मागू शकतो, आणि पुडके हरवले तर भरपाई लिहिलेल्या किमतीच्या पुढे जात नाही.

भेट म्हणजे एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पैसे न घेता पाठवलेली वस्तू. तिलाही किंमत असते आणि ती लिहावी लागते. शून्य लिहिले की शंका हमखास. वापरलेल्या वस्तूची आजच्या बाजारात जी किंमत येईल ती लिहा आणि वर्णनात ‘यूज्ड’ टाका. परत पाठवलेल्या मालावर ‘परत केलेला माल’ हाच चौकोन, सोबत मूळ ऑर्डर क्रमांक आणि पावतीची प्रत. नाहीतर विक्रेत्याला स्वतःच्याच मालावर आयातकर भरावा लागू शकतो, आणि तुमचा परतावा तिथे लटकतो.

प्रश्न : घरी वजन करूनही खिडकीवर जास्त पैसे का लागतात?

बहुतेक वेळा उघड्या मालाचे वजन केलेले असते. चिकटपट्टी, लेबल, प्लास्टिकचा खिसा, भरावाचा कागद मिळून ३०-४० ग्रॅम सहज होतात. टपालदर वजनाच्या पायऱ्यांनी चढतो. पायरी ५०० ग्रॅमवर असेल तर ५०३ ग्रॅमच्या पुडक्याला पुढच्या पायरीचे पैसे पडतात. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. पूर्ण बंद केलेले पुडके त्यावर ठेवा, आणि पायरीच्या दहा ग्रॅम खाली राहा. काठावर अडलात तर जाड खोक्याऐवजी फुगेवाले पाकीट घ्या, पण काच किंवा चिनीमातीसाठी ही काटकसर नको.

दुसरा घोटाळा आकाराचा. स्मॉल पॅकेटची लांबी, रुंदी आणि जाडी मिळून ९०० मिलिमीटर, आणि कोणतीही एक बाजू ६०० मिलिमीटरच्या आत हवी. गुंडाळीसाठी लांबी अधिक दुप्पट व्यास १,०४० मिलिमीटर, लांबी जास्तीत जास्त ९००. पुडके यात बसले नाही तर ते पार्सल ठरते, आणि पार्सलचा दर वेगळा.

कुरिअरकडे आकारमानाचेही वजन धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५,००० ने भागतात. ३० × २५ × २० चे खोके आत एक किलोच असले तरी ३ किलोचे धरले जाते. उशीसारखी हलकी आणि फुगीर वस्तू टपालाने पाठवावी, लहान आणि जड वस्तूला कुरिअरचा दर विचारून पाहावा.

प्रश्न : पावतीवर ‘यू’ने सुरू होणारा क्रमांक आहे, पण पुडक्याचा माग लागत नाही.

लागणारही नाही. टपालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक तेरा खुणांचा असतो : दोन अक्षरे, आठ अंक, एक पडताळा-अंक, शेवटी देशाची दोन अक्षरे. पहिले अक्षर सेवा सांगते. ‘आर’ रजिस्टर्ड, ‘एल’ माग ठेवणारे पॅकेट, ‘सी’ पार्सल, ‘ई’ ईएमएस, म्हणजे जलद टपाल. ‘यू’ हा साध्या पॅकेटवरचा क्रमांक. तो कस्टम्सच्या माहितीशी जोडण्यापुरता असतो, पोच नोंदवण्यासाठी नाही. माग हवा असेल तर पाठवतानाच तशी सेवा घ्या.

क्रमांक उतरवताना चूक झाली का, हे घरी तपासता येते. आठ अंकांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणा, बेरीज करा, ११ ने भागा, बाकी ११ मधून वजा करा. ४७३१२४८२ साठी बेरीज २००, बाकी २, म्हणून पडताळा-अंक ९. उत्तर १० आले तर ० धरतात, ११ आले तर ५.

प्रश्न : पॉवर बँक पाठवता येईल का?

साध्या टपालाने नाही. ती सुटी लिथियम बॅटरी धरली जाते. उपकरणात बसवलेली बॅटरी काही टपाल खाती घेतात : जास्तीत जास्त दोन बॅटऱ्या किंवा चार सेल, बॅटरी १०० वॉट-तासांच्या आत, आणि उपकरण चुकून चालू होणार नाही असे बांधलेले. अत्तर, नेलपॉलिश आणि फवाऱ्याचे डबेही परत येतात : ती ज्वलनशील किंवा दाबाखालची असतात आणि विमानात चालत नाहीत.

प्रश्न : घेणाऱ्याकडे कर आणि वर ‘हाताळणी’ची रक्कम मागितली. आम्ही टपालखर्च भरला होता ना?

टपालखर्चात कर येत नाही. वेगळी व्यवस्था केली नसेल तर आयातकर घेणाऱ्याकडून वसूल होतो, आणि तो भरून घेण्याच्या कामाचे शुल्क तिकडचे टपाल खाते किंवा कुरिअर वेगळे लावते. लहान रकमेच्या मालावर हे शुल्क करापेक्षा मोठे निघते, आणि घेणारा वैतागून पुडके नाकारतो.

जुन्या सवलतींच्या भरवशावर राहू नका. युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतच्या मालाची व्हॅटमाफी १ जुलै २०२१ ला बंद केली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवली, आणि त्या दिवसांत अनेक देशांच्या टपाल खात्यांनी तिकडची पार्सले घेणेच काही काळ बंद ठेवले होते. म्हणून पाठवण्याच्या आठवड्यात त्या देशाच्या कस्टम्सचे पान एकदा पाहा.

युरोपात विकत असाल आणि खरेदी १५० युरोच्या आत असेल, तर व्हॅट विक्रीच्या वेळीच घेण्याची आयओएसएस ही सोय आहे. तिचा ‘आयएम’ने सुरू होणारा क्रमांक इलेक्ट्रॉनिक माहितीच्या रकान्यात भरा. पुडक्यावर ठळक लिहू नका. दुसऱ्या कोणी उतरवून वापरला तर हिशोब तुमच्या नावावर चढतो. ही सोय नसेल तर कर कोण भरणार, हे विक्रीच्या पानावर आधीच लिहून टाका, आणि सीएन २३ वर टपालखर्चाचा रकाना रिकामा ठेवू नका, कारण युरोपीय संघात व्हॅट वाहतूक खर्च धरून आकारतात.