इंग्लंडमधल्या एखाद्या लहान गावाचा महाराष्ट्राच्या इतिहासाशी संबंध आहे का?

आहे, आणि तो फारसा कुणाला माहीत नाही याचं मला वाईट वाटतं. लंडनच्या दक्षिणेला सरे परगण्यात लिम्प्सफील्ड नावाचं गाव आहे. पेशवाई बुडवणारा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, म्हणजे जुन्या कागदांतला अल्पिष्टन साहेब, तिथल्या चर्चच्या आवारात पुरला आहे.

गाव जुनं. नॉर्मन राजा विल्यमने ते बॅटल या गावच्या मठाला दिलं होतं. एल्फिन्स्टन मात्र तिथे आला उतारवयात. १८११पासून तो पुण्यात रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा वकील होता. ५ नोव्हेंबर १८१७ला खडकीची लढाई झाली, त्या दिवशी संगमावरची त्याची रेसिडेन्सी जळाली आणि आयुष्यभर जमवलेली पुस्तकंही गेली. १८१९ ते १८२७ तो मुंबईचा गव्हर्नर होता. पुढे गव्हर्नर जनरलचं पद त्याने नाकारलं, १८४१मध्ये हिंदुस्थानचा इतिहास लिहिला आणि शेवटची वर्षं लिम्प्सफील्डच्या हूकवुड या घरात वाचनात काढली. २० नोव्हेंबर १८५९ला तिथेच वारला. आपलं राज्य घेणारा माणूस म्हणून त्याच्याबद्दल राग असणं मी समजू शकतो. पण त्याच्याइतका व्यासंगी इंग्रज अधिकारी मला दुसरा दिसत नाही.

गावात लोक येतात ते बहुतेक संगीतासाठी. इंग्रज संगीतकार डीलियस १९३४मध्ये फ्रान्समध्ये वारला. इंग्लंडच्या दक्षिणेत एखाद्या खेड्यातल्या चर्चजवळ पुरावं, ही त्याची इच्छा. म्हणून पुढच्या वर्षी मे महिन्यात त्याची शवपेटी आणून रात्री इथे पुरली. काही दिवसांतच बायको येल्काही गेली, तीही तिथेच आहे. डीलियसचं संगीत आयुष्यभर सादर करणारा वाद्यवृंद-संचालक सर थॉमस बीचम आधी ब्रुकवुडच्या दफनभूमीत पुरला होता. १९९१मध्ये त्यालाही इथे, डीलियसजवळ आणलं. चेलोवादक बीट्रिस हॅरिसनही याच आवारात आहे. १९२४मध्ये शेजारच्या ऑक्स्टेडमधल्या बागेत ती चेलो वाजवत होती आणि सोबत नाइटिंगेल पक्षी गात होते, ते बीबीसीने थेट ऐकवलं. रशियन कादंबऱ्या इंग्रजीत आणणाऱ्या कॉन्स्टन्स गार्नेटचं घरही लिम्प्सफील्डजवळच होतं.

जाणार असाल तर ऑक्स्टेड स्टेशनला उतरा, गाव अगदी जवळ आहे. आणि एक गल्लत टाळा. मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज या एल्फिन्स्टनच्या नावाचं, १८२७मध्ये तो निघाला तेव्हा लोकांनी जमवलेल्या वर्गणीतून उभं राहिलेलं. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं, म्हणजे आताच्या प्रभादेवीचं, जुनं नाव त्याच्या पुतण्यावरून होतं. तोही मुंबईचा गव्हर्नर होता, १८५३ ते १८६०.